उथळ पाण्यातला खांब

होडी पाण्यात उभी करायला खांब विकत घ्यावा की न घ्यावा, प्रश्न एवढाच होता. एवढ्याशा प्रश्नावर शहाणा माणूस 'नको' म्हणतो आणि कूस बदलून झोपतो. ज्योतीराम 'बघू' म्हणाले आणि तिथंच सगळं बिनसलं.

मोबाइलवरच्या त्या व्हिडिओत एक गोरा माणूस होडीत बसून नुसतं बटण दाबत होता. बटण दाबलं की होडीच्या मागच्या अंगाला बसवलेला लांब खांब सुळकन पाण्यात जायचा, तळाच्या गाळात रुतायचा आणि होडी जागच्या जागी उभी. वारा येवो, लाट येवो, हलायचं नाव नाही. पुन्हा बटण दाबलं की खांब वर. मधूनमधून तो गोरा कॅमेऱ्याकडे बघून हसायचा.

"त्याला हसायला काय जातंय," ज्योतीराम मोबाइलला म्हणाले. "त्याची सून वाकडला राहत नाही."

ज्योतीराम राहतात थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत, स्वतःच्या घरात. मूळचे वाशीचे. (धाराशिवकडची वाशी. मुंबईजवळची नव्हे. हे वाक्य ते मरेपर्यंत सांगत राहणार आहेत, कारण ऐकणारा 'अच्छा, नवी मुंबई' म्हणतोच.) सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, प्रेस शॉपमध्ये झाली. प्रेस शॉप म्हणजे जिथं पत्रा दाबून गाड्यांचे दरवाजे, बॉनेट वगैरे करतात ती जागा. तिथं शिकाऊ म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडले. बाहेर पडताना दोन्ही हातांची सगळी बोटं शाबूत होती. प्रेस शॉपमध्ये ही मोठी पदवी समजतात.

रविवार मात्र कंपनीचा नव्हता, तो भामा आसखेड धरणाच्या फुगवट्याचा होता. तिथं काठावरच्या आबाजींच्या गोठ्यात ज्योतीरामांची छोटी फायबरची होडी पालथी घातलेली असे. भाडं म्हणजे दर खेपेला एक मासा. आबाजी माळकरी असल्यामुळे तो मासा त्यांची मांजर खायची.

मासे धरणाऱ्या चारचौघांत ज्योतीरामांचं नाव होतं ते माशांमुळे नव्हे, होडीमुळे. इतरांच्या होड्या वाऱ्यावर गरगरायच्या. ज्योतीरामांची होडी मात्र देवळातल्या नंदीसारखी बसलेली असायची. लोक विचारायचे, हे कसं काय? ज्योतीराम गळावरची नजर न काढता म्हणायचे, "जागा ओळखता आली पाहिजे, राव. वाऱ्याला पाठ दिलेली जागा असते. ती दिसत नाही, जाणवावी लागते." ऐकणाऱ्यांपैकी काहींनी ते खरंच मनावर घेतलं होतं. मागच्या फळीवर त्यांच्या पत्नी कस्तुराबाई बसलेल्या असायच्या. एक हात वल्ह्यावर, दुसऱ्या हाताने मांडीवरची मेथी निवडत. त्या काही बोलायच्या नाहीत.

गेल्या वर्षी कस्तुराबाई गेल्या. त्यानंतर होडी एका जागी थांबेना.

ज्योतीरामांनी कारणं शोधली. चाकणकडे इतकी झाडं तोडली, इतकी गोदामं बांधली, त्यामुळे वारं मोकाट सुटलंय, हे एक. धरणातलं पाणी आता पहिल्यासारखं जड राहिलं नाही, हे दुसरं. (हे त्यांनी एकदाच सांगितलं. समोरच्याने 'म्हणजे?' असं विचारलं.) शेवटी एका रविवारी होडीने त्यांना निवडलेल्या जागेवरून उचलून पार पलीकडच्या काठाच्या जलपर्णीत नेऊन घातलं. वल्हं त्या हिरव्या गुंत्यात अडकलं. धरणावरचा रखवालदार शिट्ट्या मारायला लागला. ज्योतीरामांना मुलाला फोन करावा लागला.

गणराज वाकडहून गाडी घेऊन आला. सोबत योगिनी. तिला हिंजवडीच्या पुढं माणला ऑफिस, आणि तिथं तिचं काम म्हणजे एखाद्या प्रोजेक्टमध्ये पुढं काय काय बिघडू शकतं ते आधीच सांगणं. अशा बाईला सून म्हणून आणल्यावर घरात सरप्राइज म्हणून काही उरत नाही.

"बाबा, बास झालं आता," गणराज परतीच्या वाटेवर म्हणाला. "होडी विकू या."

"होडी विकायची नाही."

"आणि आमच्याकडे राहायला या. सतराव्या मजल्यावरून किती छान दिसतं."

"काय दिसतं?"

"सगळंच दिसतं."

"मला सगळं बघून काय करायचंय? मला पाणी बघायचंय."

"सोसायटीत स्विमिंग पूल आहे की."

"मासे आहेत त्यात?"

गणराजने गिअर बदलला, गरज नसताना. मागच्या सीटवरून योगिनी शांतपणे म्हणाली, "बाबा, रागावू नका. पण या सगळ्या प्रकारात सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर तुम्हीच आहात."

ज्योतीरामांना पूर्ण अर्थ (जो एक बिघडला की सगळंच कोलमडतं, तो) लागला नाही, पण 'फेल्युअर' कळलं. त्यांचा पारा चढला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "येत्या रविवारी जातो. एकटा जातो. दुपारी बाराच्या आत होडी घेऊन काठावर. मध्ये कुणालाही मदतीला बोलावणार नाही. बोलावलं तर होडी विका, मला सतराव्या मजल्यावर नेऊन ठेवा आणि खिडकीला जाळी लावा. पण नाही बोलावलं, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही."

"बाबा, असं पैजेवर..." गणराज सुरू झाला.

"मान्य," योगिनी म्हणाली.

म्हणून तो व्हिडिओ. म्हणून तो खांब.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी विषय बुद्धभूषणपुढे ठेवला. बुद्धभूषण हा त्यांचा कंपनीतला जुना दोस्त. तो क्वालिटीला होता. त्याच्या हातचा हिरवा 'ओके' टॅग लागल्याशिवाय एक पत्रा गेटबाहेर जात नसे. निवृत्त झाल्यावरही तो चहाचा कप उचलण्याआधी बुडाशी तडा आहे का बघतो.

"केवढ्याला आहे?" त्याने विचारलं.

ज्योतीरामांनी मोबाइलवरचा आकडा दाखवला. बुद्धभूषणने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला. आकडा तेवढाच राहिला.

"एवढ्यात सेकंडहँड बुलेट येते, ज्योतीभाऊ. आणि हा चालतो किती पाण्यात?"

"कंबरभर पाण्यात. त्याहून खोल असलं तर खांब तळाला पोचत नाही. उथळ पाण्यासाठीच असतो तो. मासे काठाशी चरायला येतात ना, तिथं."

"कंबरभर पाण्यात होडी उभी करायला बुलेटचे पैसे? त्यापेक्षा खाली उतरायचं आणि होडी धरून उभं राहायचं."

"आणि गळ कोण धरणार?"

"मग अजून एक माणूस ठेवा होडीत."

ज्योतीरामांनी चहात बोट घालून साय बाजूला केली. खरं तर साय आलेली नव्हती. बुद्धभूषण घाईघाईने म्हणाला, "आणि राव, विकत कशाला? जन्म प्रेसवर काढला, अन् एक खांब विकत घेणार? लोक काय म्हणतील?"

लोकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी ज्योतीरामांना ते पटलं. कारखान्यातल्या माणसाला कुठलीही वस्तू विकत घेताना आपला पराभव झाल्यासारखं वाटतं. ते कपबशी ठेवून उठले ते थेट काळेवाडीतल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात.

आता, साध्या माणसाने काय केलं असतं? एक पाइप आणला असता, गाळात खुपसला असता, होडी त्याला दोरीने बांधली असती. पण साधा माणूस प्रेस शॉपमधून निवृत्त झालेला नसतो. ज्योतीरामांनी तीन रात्री कागदावर रेघोट्या मारल्या. स्टेनलेस स्टीलचा भक्कम खांब. होडीच्या मागच्या अंगाला तो खाली-वर सरकायला एक नळी. नळीला लॉक. खांब खाली जाताना लॉक आडवं यायचं नाही, पण एकदा गाळात दाबला की लॉकच्या दातांनी तो तिथंच पकडायचा.

प्रश्न उरला लॉक सोडायचा. आणि इथं ज्योतीरामांची उभी हयात आडवी आली.

प्रेसवर दोन बटणं असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. कारण उघड आहे. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे त्यांतला एकही प्रेसखाली नसतो. ज्या प्रेसला दोन बटणं नाहीत, तिथं दोन हातांची दहा बोटं फार दिवस टिकत नाहीत. हा धर्म ज्योतीरामांनी पाळला आणि पाळायला लावला. ऑपरेटर लोक बिलंदर. काम पटापट व्हावं म्हणून एका बटणाला फडकं बांधून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने माल सरकवायचे. त्यांना पकडण्यात ज्योतीरामांची निम्मी नोकरी गेली होती.

तेव्हा त्यांच्या खांबाच्या लॉकलाही दोन दांडे आले. एक डावीकडे, एक उजवीकडे, हात पसरावे लागतील इतक्या अंतरावर. दोन्ही एकदम दाबून धरले तरच दात सुटणार. एक जरी सोडला तरी पुन्हा पकडणार. स्प्रिंगा अशा जबर की दाबताना दंड भरून यावेत. आणि कुणी बिलंदर माणसाने एक दांडा दोरीने बांधून ठेवू नये म्हणून दोन्ही दांडे गोल, गुळगुळीत आणि खाली उतरते केले. काहीही बांधा, घसरून पडणार. वर नट ढिले पडू नयेत म्हणून प्रत्येक नटावर वेल्डिंग.

चाचणी घरासमोर झाली. खांब बागेच्या वाफ्यात, कस्तुराबाईंच्या कढीपत्त्याला धक्का न लावता, रोवला. ज्योतीराम हात पसरून दोन्ही दांड्यांवर. बुद्धभूषणने खांब धरून वर ओढला. खांब लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. पुन्हा रोवला, पुन्हा निघाला.

"पास," बुद्धभूषण म्हणाला, आणि खिशातून एक जुना हिरवा टॅग काढून त्याने खांबाच्या डोक्याला बांधला. त्याच्याकडे ते टॅग अजून होते. दोघांनी हात मिळवले. एक सुपरवायझर, एक क्वालिटी इन्स्पेक्टर, दोघांचा मिळून खंडीभर अनुभव. चाचणीला किती हात लागले ते कुणीच मोजलं नाही.

रविवारी सकाळी आबाजी गोठ्यासमोर तंबाखू मळत बसले होते.

"यकलंच?"

"एकटाच."

"अन् ह्यो खांब कशापायी?"

"होडी उभी करायला."

आबाजींनी खांबाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वैनी हुत्या तवा..." ते म्हणाले, आणि तिथंच थांबून तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली. "जावा. वारं हाय आज. आमी बसलोय हितंच."

"कशाला बसताय? मला काही होत नाही."

"म्या कुटं म्हनलं? म्हशी पान्यावर सोडायच्या हायती मला."

ज्योतीराम काठाकाठाने वल्हवत एका आडव्या खाचेपर्यंत गेले आणि तिथून थोडे आत. जागा त्यांनी जुन्याच पद्धतीने, हवेत नाक वर करून निवडली. खांब दोन्ही हातांनी खाली दाबला. लॉकचा आवाज आला, खट्ट. आणि होडी उभी राहिली.

काय उभी राहिली! वारा आला, तिने दाद दिली नाही. लाटा येऊन तिच्या अंगावर फुटायच्या आणि ती म्हणायची, बरं. वर्षभरानंतर ज्योतीरामांना पाण्यावर स्वस्थ बसता आलं. गळ टाकला, बिडी पेटवली (ती कस्तुराबाई ओढू द्यायच्या नाहीत, एक झुरका घेऊन त्यांनी ती विझवली), आणि थोड्या वेळाने एक चांगला दांडगा कटला लागला. त्यांनी माशाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "फेल्युअर." गणराजने अंगठा पाठवला. योगिनीने काहीच पाठवलं नाही. ती काहीच पाठवत नाही तेव्हा सावध राहायचं असतं.

उन्हं वर आली तसं निघायचं ठरलं. ज्योतीरामांनी गळ आवरला, मागच्या बाजूला आले, डावा हात डाव्या दांड्यावर, उजवा उजव्यावर, आणि दोन्ही दाबले. लॉक सुटलं. मग ते खांब वर येण्याची वाट बघू लागले.

खांब आला नाही. तो कसा येणार? त्याला ओढायचा होता.

त्यांनी उजवा हात सोडून खांब धरला. खट्ट. लॉक लागलं. त्यांनी पुन्हा दोन्ही दाबले, मग डावा सोडून खांब धरला. खट्ट. ज्योतीरामांनी आपल्या दोन हातांकडे बघितलं. इतकी वर्षं सांभाळून आणलेली दहाही बोटं होती. हात मात्र दोनच होते.

पुढचा काही वेळ ज्योतीरामांनी जे केलं ते त्यांच्या प्रेस शॉपमधल्या कुणी बघितलं नाही हे बरं झालं. त्यांनी एक दांडा गुडघ्याने दाबला, गुडघा घसरला. हनुवटीने दाबला, कवळी हलली. एका दांड्यावर चक्क बसून बघितलं. स्प्रिंगने त्यांना सन्मानाने उठवून परत केलं. शेवटी इकडंतिकडं बघून, कुणी नाही याची खात्री करून, त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दांड्याला बांधलं. ते शांतपणे घसरून पाण्यात पडलं. ज्या ऑपरेटरला ते आयुष्यभर पकडत आले होते तो आज सापडला होता, आणि त्याला कुठं पळून जाताही येत नव्हतं. वर टॅग फडफडत होता. ओके.

"ज्योतीराव!" काठावरून आबाजी ओरडले. "आडाकलं का वो?"

"नाही!"

"मंग?"

"मुद्दाम थांबलोय!"

"बारं वाजत आलं की!"

"मासे खातायत!"

"ट्यूब घिऊन येऊ का?"

"खबरदार! मी बोलावलेलं नाही! लक्षात ठेवा, मी कुणाला बोलावलेलं नाही!"

"न्हाई म्हनून सांगीन की," आबाजी म्हणाले आणि आणखी चांगलं दिसावं म्हणून दगडावर चढून बसले.

ज्योतीराम मधल्या फळीवर बसले. बोलावणार नाही. दिवस मावळला तरी चालेल. पाऊस आला, थंडी आली, निवडणूक आली तरी इथंच बसेन, पण फोन करणार नाही. सतराव्या मजल्यावर म्हणे. लिफ्टमध्ये शेजारी भेटतात आणि 'अंकल, कितवा फ्लोअर' म्हणतात. त्या घरात त्यांची खुर्ची कुठं असेल तेही त्यांना दिसत होतं: टीव्हीच्या बाजूला, झाडाच्या कुंडीशेजारी, दोघांना एकाच वेळी पाणी मिळेल अशी.

मग त्यांची नजर मागच्या फळीवर गेली. तिथं कुणी बसलेलं असतं तर आणखी एक हात मिळाला असता. तीन रात्री कागदावर रेघोट्या मारताना आपण हा तिसरा हात कुणाचा धरला होता, हे त्यांना आत्ता कळलं. नंतर त्यांनी उगाचच कटल्यावर पाणी शिंपडलं.

बारा वाजले, तेव्हा काठावर गाडी येऊन थांबली. गणराज उतरला, योगिनी उतरली.

"बाबा! बारा वाजले!"

"ओव्हरटाइम करतोय!"

फोन वाजला. काठावरून गणराजचाच.

"बाबा, खरं सांगा. अडकलात ना?"

"होडी उभी करायला खांब केला. होडी उभी आहे. यात अडकणं कुठं आलं?"

"मग या ना परत."

"येईन. मला वाटेल तेव्हा येईन."

गणराजने फोन ठेवला आणि दुसरा लावला. पाण्यावरून आवाज स्पष्ट येत होता. "हॅलो, अग्निशमन दल का? हो, इमर्जन्सी. सीनिअर सिटिझन आहेत... धरणाच्या मधोमध... हो, खोल पाणी, खूप खोल... दोरखंड, बोट, सगळं आणा..."

"मी बोलावलेलं नाही!" ज्योतीराम उभं राहून गरजले. "हे त्याने बोलावलंय! हे माझ्यात धरायचं नाही!"

त्याच वेळी आबाजींची राधी नावाची म्हैस आपल्या रोजच्या वेळी पाण्यात शिरली. घाई नव्हती तिला. चालत चालत ती होडीपर्यंत आली, होडीला वळसा घातला, पलीकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि ज्योतीरामांकडे बघत रवंथ करू लागली. पाणी तिच्या पोटाला लागत होतं. पाठ कोरडी होती.

काठावर गणराजचा फोन कानापासून खाली आला. फोनमधला माणूस 'हॅलो, हॅलो, किती खोल?' विचारत राहिला.

उथळ पाण्याचा खांब उथळ पाण्यातच उभा राहतो, हे ज्योतीरामांनी स्वतःच बुद्धभूषणला समजावून सांगितलं होतं. पण चहूकडे पाणी दिसू लागलं की माणूस खोली विसरतो.

"बाबा," गणराज फोन बंद करून म्हशीकडे बघत म्हणाला, "चालत या ना मग."

"होडी सोडून?" ज्योतीराम संतापले. "ड्रायव्हर सिग्नलला बस उभी करून घरी जातो का? होडी घेऊन येईन, असं ठरलंय!"

योगिनीने चपला काढल्या, सलवार गुडघ्यांवर खोचली, ज्याचा काही उपयोग होणार नव्हता, आणि म्हैस गेली त्याच वाटेने सरळ पाण्यात चालत आली. होडीच्या काठाला धरून ती वर चढली. निथळत मागच्या फळीवर बसली.

"मी बोलावलेलं नाही," ज्योतीराम म्हणाले.

"मी मदतीला आले नाही, बाबा. मासा बघायला आले. हाच का तो?"

"हा."

"छान आहे." तिने खांबाकडे, दांड्यांकडे, टॅगकडे बघितलं. तिला समजायला फार वेळ लागला नाही. पुढं काय बिघडू शकतं ते सांगायचाच ती पगार घेते. तिने काही सांगितलं नाही. नुसते दोन्ही हात खांबाला लावले. "सहज विचारते, हे दांडे कसे चालतात?"

"असे," ज्योतीराम म्हणाले आणि दोन्ही दाबले. खांब लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

काठावर पोचल्यावर गणराज म्हणाला, "बाबा, हरलात तुम्ही. बारा वाजून गेले."

"वाजू देत. कुणाला बोलावलं का? विचार आबाजींना."

"न्हाई बोलावलं," आबाजी प्रामाणिकपणे म्हणाले. "उलट शिव्या दिल्या मला."

सगळ्यांनी योगिनीकडे बघितलं. ती ओढणी पिळत होती. "वेळ चुकली, पण मदत मागितली नाही," ती म्हणाली. "होडी राहू दे. बाबा थेरगावातच राहू देत. फक्त रविवारी मी येत जाईन. मला मासे धरायला शिकायचंय."

"म्हणजे माझ्यावर पहारा."

"शिकवायचं नसेल तर तसं सांगा."

"शिकवीन," ज्योतीराम म्हणाले. "पण होडीत फोन नाही."

खांब त्यांनी आबाजींना देऊन टाकला. त्याला आता गोठ्यात राधी बांधलेली असते, दाव्याची कडी खांबात ओवून वरून लॉक. बाकी कुठल्याही खुंट्यावरून ती सुटून जायची, या खांबावरून जात नाही. फक्त तिला पाण्यावर सोडायला रोज दोन माणसं लागतात, अशी आबाजींची तक्रार आहे.

पुढच्या रविवारी योगिनी मागच्या फळीवर बसली. ज्योतीरामांनी नाक वर करून जागा निवडली, गळ टाकला आणि वारा कधी होडी उचलतो याची मनात धास्ती घेऊन बसले. वारा आला. होडी हलली नाही. पुन्हा आला. होडी नंदीसारखी बसून.

त्यांची छाती फुगली. "बघितलंस?" ते म्हणाले. "काय सांगत होतो मी? खांबबिंब काही लागत नाही. जागा ओळखता आली पाहिजे."

शाबासकी घ्यायला त्यांनी वळून बघितलं. योगिनीने वल्हं उभं करून गाळात खोल रोवलं होतं आणि ते एका हाताने घट्ट धरून ती बसली होती.

"हे काय करतेयस?"

"आई असंच धरायच्या ना?"

ज्योतीरामांनी गळ मांडीवर ठेवला.

"आजारपणात आमच्याकडे होत्या तेव्हा त्यांनी मला दाखवलं होतं. पलंगावर बसून, छत्री घेऊन." योगिनीने वल्ह्यावरची पकड जरा बदलली. "म्हणाल्या, यांना वाटतं होडी आपोआप उभी राहते. वाटू दे म्हणाल्या. सांगू नकोस."

गळाचं तरंगतं बोंड हललं, ते ज्योतीरामांनी बघितलं नाही. मग त्यांनी पाठ ताठ केली.

"धरत असेल ती," ते म्हणाले. "पण जागा मी निवडायचो."

"हो, बाबा."

"वाऱ्याला पाठ दिलेली जागा."

"हो, बाबा," योगिनी म्हणाली. तेवढ्यात होडीत आणायचा नव्हता तो तिचा फोन वाजला. तो घ्यायला तिने वल्हं गाळातून वर काढलं, आणि होडी ज्योतीरामांनी निवडलेल्या जागेवरून त्यांना पाठमोरं घेऊन सरळ जलपर्णीकडे निघाली.